राज्य पुरस्काराचं प्रमाणपत्र आणि स्कार्फ चवथीआधी फ्रेम करायचंय, सादळू नये म्हणून काय करावं?

वाळपयकार

थोरलीला भारत स्काउट्स अँड गाईड्सचा राज्य पुरस्कार मिळाला. घरात सगळ्यांची छाती फुगलेली आहे. तिच्या आजीने तर फर्मानच काढलंय की चवथीला पाहुणे यायच्या आत ते सगळं हॉलमध्ये लागलं पाहिजे, आणि तेही देवघराच्या वर, आत येणाऱ्याची नजर पहिल्यांदा जाते तिथे.

वस्तू अशा: सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र (ए-फोर, जाड कागद), तिचा स्कार्फ, पिनवाले दोन पितळी बॅज, बाहीवरचे सात-आठ कापडी बॅज, शिबिरातलं रिबीनवालं एक पदक आणि पुरस्कार घेतानाचा फोटो. हे सगळं एकाच खोलगट चौकटीत बसवायचा विचार आहे, साधारण दोन फूट बाय दीड फूट.

घर जुनं, चिऱ्यांचं, वर कौलं. देवघराची भिंत पश्चिमेची, बाहेरून पावसाचा थेट मारा. खाली हातभर पोपडे सुटतात, वर मात्र हाताला कोरडी लागते.

फ्रेमवाला म्हणतो, प्रमाणपत्र लॅमिनेट करू, प्लायवर मखमल लावून त्यावर स्कार्फ आणि बॅज गोंदाने चिकटवू, वर काच, मागून ब्राउन टेप मारून हवाबंद, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या. दोन दिवसांत देतो. हे पाच-दहा वर्षं टिकेल का? नसेल टिकणार तर नेमकं काय बदलायला सांगू?

काच_आणि_पुठ्ठा

अभिनंदन, आधी पोरीचं, मग तुमचं. आता फ्रेमवाल्याला फोन करून थांबवा.

त्याने सांगितलेल्यातली सगळ्यात मोठी चूक मुहूर्ताची आहे, गोंद आणि मखमल नंतरची गोष्ट. श्रावणात चौकट हवाबंद करायची म्हणजे श्रावणातली हवाच आत कोंडायची. हवेतला दमटपणा ६५-७० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिला की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये तो ८५-९० च्या घरात असतो. त्यात कागद, कापड आणि लाकूड आधीच पाणी पिऊन बसलेले. दोन बाय दीड फुटांच्या ४ मिमी प्लायच्या तुकड्यातच या दिवसांत पाऊणशे ते शंभर ग्रॅम पाणी मुरलेलं असतं. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या फार तर तिसऱ्या हिश्शाइतकं पाणी धरतं, म्हणजे पाच-पाच ग्रॅमच्या दोन पुड्या तीनेक ग्रॅमवर थकल्या. भरल्यानंतर त्या नुसत्या पडून राहतात. शिवाय टेप मारलेली चौकट खरोखर हवाबंद कधीच नसते, बाहेरची ओल सावकाश आत येतच राहते. सिलिका जेल कामाचं आहे, पण घट्ट झाकणाच्या डब्यात, चौकटीत नाही.

मग होतं काय? रात्री मुसळधार पाऊस आला, काच गार पडली, की आतल्या बाजूला दव धरतं. काचेला टेकलेला कागद तिथे लहरतो. फोटोचं तर विचारू नका. त्याचा वरचा थर ओलाव्याने मऊ होऊन काचेला असा चिकटतो की काढताना चेहरा काचेवरच राहतो. म्हणून काच आणि आतली वस्तू यांत फट हवीच. सपाट कागदाला २ मिमीच्या माउंटबोर्डची (चित्राभोवती लावतात त्या जाड पुठ्ठ्याची) खिडकी पुरते. बॅज-स्कार्फ असतील तर आतली खोली ३० ते ३५ मिमी ठेवा आणि काच उचलून धरायला कडेने प्लास्टिकची किंवा अॅल्युमिनियमची पट्टी घ्या.

प्लाय आणि एमडीएफ दोन्ही नकोत. पाण्याचं एक झालं, पण त्यातून आम्लाची वाफही हळूहळू सुटत राहते आणि बंद जागेत धातू काळवंडतो, कागद पिवळा पडतो. पाठीला ३ मिमीची एसीपी शीट घ्या, दुकानांच्या पाट्यांना वापरतात तीच. तिच्यातून ओल आरपार जात नाही. ती मिळाली नाही तर सनपॅक, म्हणजे पोकळ नळ्यांची प्लास्टिक शीट. चौकट अॅल्युमिनियमची. लाकडाचीच हौस असेल तर सागाच्या गाभ्याची. आंब्याच्या किंवा जंगली लाकडाच्या स्वस्त पट्ट्या म्हणजे वाळवीला आमंत्रण.

फ्रेमवाल्याकडून माउंटबोर्ड घेताना कडेचा छेद बघून घ्या. मधला थर तपकिरी दिसला तर तो बोर्ड परत करा. त्याच छेदाचा तपकिरी पट्टा काही वर्षांत प्रमाणपत्राच्या चारी बाजूंना उमटतो.

प्रमाणपत्र कशानेही चिकटवू नका. गोंद नाही, सेलोटेप नाही, दुतोंडी टेप तर मुळीच नाही. चार कोपऱ्यांना पारदर्शक फोटो-कॉर्नर लावायचे, कोपऱ्यात कागदाला अर्धा-एक मिमी मोकळीक ठेवायची. पावसाळ्यात कागद फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो. मोकळीक नसेल तर मधे पोक येतो आणि लोकांना वाटतं काच वाकडी बसलीय.

कॅप्टन_तयार_रहा

वरच्या उत्तरात एक राहिलं, तेही फ्रेमच्या आधीचं. मूळ प्रमाणपत्र भिंतीवर लावूच नका. भिंतीवर प्रत लावा.

राज्य पुरस्कारावर पोरीचा प्रवास संपत नाही, पुढे राष्ट्रपती पुरस्कार आहे. त्याच्या तयारीत तिची नोंदवही आणि आधीची कागदपत्रं परत परत लागतील. रेल्वेभरतीत स्काउट्स-गाईड्सचा वेगळा कोटा असतो, तिथे पडताळणीला मूळ कागद दाखवावे लागतात. मूळ कागदावरच साक्षांकनाचा शिक्का आणि सही घ्यायची वेळ आली तर लॅमिनेशनवर शिक्का बसत नाही. ते काढायचं म्हटलं तर कागदाचा वरचा थर त्याच्याबरोबर सोलला जातो, आणि लॅमिनेट करताना लागलेली उष्णता शाईला जे करायचं ते करून गेलेली असते. लॅमिनेशन ही अशी चूक आहे जी घरी दुरुस्त करता येत नाही.

प्रत अशी काढा: झाकणाचा सपाट स्कॅनर, ६०० डीपीआय, रंगीत. ए-फोर कागदाची फाइल ४९६० बाय ७०१६ पिक्सेलच्या आसपास यायला हवी. मोबाइलने काढलेला फोटो चालत नाही, चौकटीत घातल्यावर कडा वाकड्या दिसतात. कागद आत ओढणारा स्कॅनर टाळा, जाड कागदाला घडी पडते. पुढची-मागची अशा दोन्ही बाजू स्कॅन करा. छापताना मूळ कागदासारखा मॅट आणि जाड कागद मागा. चकचकीत फोटोपेपरवर छापलं की नक्कल आहे हे दारातूनच कळतं.

मूळ कागद पॉलिप्रॉपिलिनच्या किंवा पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, आडवा. दुकानातली पीव्हीसीची पाकिटं घेऊ नका. नाकाशी धरा, नव्या रेनकोटचा वास आला की ते पीव्हीसी. त्याला छपाईची अक्षरं चिकटून निघतात.

आता गणवेश. स्कार्फ सध्या तिला लागणार आहे, पुढच्या प्रत्येक शिबिराला आणि चाचणीला. तो काचेमागे घालून तिच्यासाठी नवा आणण्यापेक्षा तिच्या कंपनीकडून (गाईड मुलींच्या तुकडीला कंपनी म्हणतात) आणखी एक मागून घ्या आणि चौकटीत कोणता घालायचा ते तिला ठरवू द्या. (पोरी सहसा जुना, विटलेला स्वतःकडे ठेवतात.) बॅजचं सोपं आहे: पुढचं सोपान (गाईडिंगमधली पायरी) मिळालं की मागचा बॅज बाहीवरून उतरतो. म्हणजे प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपानाचे बॅज आता मोकळे आहेत, ते खुशाल चौकटीत घाला. राज्य पुरस्काराचा आणि प्रावीण्याचे बॅज गणवेशावर राहू देत, ते नंतर येतील.

म्हणूनच चौकट मागून स्क्रूने उघडणारी करून घ्या, खिळे ठोकून बंद केलेली नको.

वाळपयकार

कॅप्टन, मग राष्ट्रपती पुरस्कारासाठी चौकटीत एक रिकामा गोल आखून ठेवू का? खाली नाव घालून? तिलाही हुरूप येईल.

कॅप्टन_तयार_रहा

उजवीकडे चार बोटं जागा सोडा, पण गोल आखू नका आणि नाव तर घालूच नका. येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा त्या रिकाम्या गोलावर बोट ठेवून "हे कधी?" विचारणार, आणि उत्तर देत बसणार ती. तुमची हौस तुमच्याजवळ ठेवा. जागा सोडलीय एवढं तुम्हाला माहीत असलं की झालं.

टीप_आणि_दोरा

कापडाचं मी सांगते.

चौकटीत जायचा स्कार्फ आधी धुवा. वापरलेल्या स्कार्फमध्ये घाम आणि तेल असतं, गळ्याकडचा पट्टा त्यानेच काही वर्षांत पिवळा पडतो. आधी ओला पांढरा कपडा एका कोपऱ्यावर मिनिटभर दाबून रंग जातो का बघा. जात नसेल तर सौम्य साबण, साधं पाणी, तीनदा खळबळून घ्या आणि सावलीत वाळवा. खळ अजिबात नको. गणवेश म्हटला की आपला हात खळीकडे जातो, पण खळ हे कसरीचं आवडतं खाणं. खळीचा स्कार्फ फ्रेममध्ये घातलात तर कसर मागच्या फटीतून शिरून आधी घडीच्या कडा कुरतडते.

स्कार्फ त्रिकोणी असतो, दोन बाजू ७० ते ८० सेंमी, त्यामुळे दोन बाय दीडमध्ये उघडा बसणार नाही. इस्त्रीची कडक घडी घालू नका, घडीवर सूत तुटतं. गळ्यात घालताना गुंडाळतो तसा गुंडाळा. आत धुतलेल्या सुती कापडाची बोटभर जाड वळकटी घाला म्हणजे गोलाई राहते, आणि इंग्रजी व्ही आकारात मांडा. वॉगल (स्कार्फ अडकवायची कडी) हलकं असेल तरच स्कार्फवर ठेवा, जड असेल तर त्याला मागच्या पाटीला वेगळा टाका द्या, नाहीतर त्याच्या वजनाने व्ही चार महिन्यांत लांबतो.

मखमलीऐवजी मांजरपाट. मखमल धूळ धरते, रंग सोडते आणि तिच्यावर बुरशी आली तरी लवकर दिसत नाही. मांजरपाट आधी गरम पाण्यात धुऊन त्याचीही खळ काढा, मग ताणून पाटीवर मागून बांधा. एसीपीला सुई जात नाही, म्हणून टाके घालायला मधे ५ मिमीचा फोमबोर्ड घ्या. बारीक सुई, सुती दोरा, टाका ३-४ मिमीचा, प्रत्येकी चार-पाच सेंमी अंतरावर, आणि तोही शिवणीच्या दुमडीतून, म्हणजे पुढून दिसत नाही. कापडी बॅजना चार बाजूंना चार टाके बस.

पिनवाल्या बॅजमध्ये चकवा असतो. वरचा मुलामा पितळी, पण मागची पिन पुष्कळदा लोखंडी. पावसाळ्यात ती गंजते आणि कापडावर तपकिरी ठिपका कायमचा. पारदर्शक पॉलिएस्टर शीटचा बॅजपेक्षा किंचित लहान तुकडा कापून बॅज आणि कापड यांच्यामध्ये घाला, पिन त्यातूनच टोचा. चमकवायला पितळ घासायची पॉलिश लावू नका. ती मुलामा खरवडते आणि अक्षरांच्या खाचांत पांढरी बसते. मऊ ब्रश, कोरडा कपडा, एवढंच. पुसल्यावर बोट लावू नका, सुती हातमोजे घाला. बोटाच्या घामाचा ठसा महिन्याभराने काळा उमटतो, तोही नेमका मधोमध.

खिळा_नको_स्क्रू

वाळपयकारबाब, तुमची भिंत. "वर हाताला कोरडी लागते" यावर विसंबू नका. फूटभर लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या, चौकट लावायची तिथेच चारी कडांना टेप मारून घट्ट चिकटवा, दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला दव दिसलं तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला दिसलं तर भिंत ठीक आहे, खोलीची हवा दमट आहे. भर पावसात करा, मे महिन्यात केलेली परीक्षा सगळ्याच भिंती पास होतात.

चिरा सच्छिद्र दगड, पाणी पितो आणि महिनोन्महिने सोडत राहतो. पश्चिमेची बाहेरची भिंत शक्यतो नको. न्हाणीघराला किंवा स्वयंपाकघराला लागून असलेलीही नको. घराच्या मधली, दोन्हीकडून खोल्या असलेली भिंत घ्या. देवघराच्या वर तर आणखी एक अडचण: समईची काजळी आणि धूप. काचेच्या वरच्या कडेतून काजळी आत जाते आणि मांजरपाटावर राखाडी पट्टा धरते. शिवाय समोरच्या खिडकीतून ऊन येत असेल तर शाईची सही आणि स्कार्फचा रंग दोन्ही उडतात.

वजन मोजा. २ मिमी काच चौरस मीटरला ५ किलो, म्हणजे तुमच्या मापाला दीड किलोच्या जरा खाली. ३ मिमी घेतली तर दोन किलोच्या वर. चौकट, पाठ आणि आतलं धरून साडेतीन-चार किलो. एका खिळ्याचं हे काम नाही. दोन जागी ८ मिमीचा रावळ प्लग, ५० मिमी स्क्रू. ड्रिल साध्या फिरतीवर चालवा, हॅमर बंद. हॅमरने चिऱ्यात भोक वेडंवाकडं मोठं होतं आणि प्लग नुसता फिरत बसतो. जुन्या गिलाव्यात पहिला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर धरून चालू नका, प्लग त्याच्या मागे चिऱ्यात शिरला पाहिजे.

चौकटीच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना १० मिमीची रबरी बटणं लावा आणि वरती कड्यांमुळे तेवढंच अंतर राहतंय का बघा. मागून हवा फिरली पाहिजे. भिंतीला घट्ट टेकलेल्या चौकटीमागे पावसाळ्याअखेर काळा चौकोन उमटलेला सापडतो.

वाळपयकार

प्लास्टिक लावलं होतं. भिंतीकडची बाजू ओली, थेंब घरंगळून खालच्या टेपवर साचलेले. ती भिंत बाद. पण आजी ऐकत नाहीत, चवथीला काहीतरी दिसलंच पाहिजे म्हणतात. आणि कपाटात चाळीसचा बल्ब लावून त्यात सगळं वाळवून मग आता फ्रेम केलं तर?

काच_आणि_पुठ्ठा

बल्बची युक्ती हिशोबाने बरोबर आहे. २६ अंशांची ९० टक्के दमट हवा ३२ अंशांपर्यंत तापली की तोच आकडा ६४ च्या आसपास उतरतो. पण बल्ब जुन्या तारेचा हवा, एलईडीला तेवढी उष्णता नाही, आणि कापडापासून हातभर लांब, जाळीत. वाळवून बाहेर काढलंत, पाटीवर मांडायला दोन तास गेले, की कापड पुन्हा तेवढंच ओलं. त्यामुळे कपाट साठवणीला ठीक, फ्रेमिंगला नाही.

आजींचं मन असं राखा. चवथीला प्रमाणपत्राची प्रत आणि फोटोची प्रत, साध्या फ्रेममध्ये, मधल्या भिंतीवर. खराब झाल्या तर पन्नास रुपयांत परत निघतात. मागे टेप मारू नका, पाठ नुसत्या क्लिपवर राहू द्या. माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची चौकट) त्याच्यावर येणार नाही एवढं बघा. ओली पानं आणि फळं दोन दिवस ठिबकत असतात.

खरी चौकट जानेवारीत करा. तेव्हा हवा वर्षातली सगळ्यात कोरडी असते. पाठ, मांजरपाट, माउंट, स्कार्फ सगळं त्याच खोलीत आठवडाभर उघडं पडू द्या. दमटपणा मोजायचं डिजिटल यंत्र स्वस्तात मिळतं, ते शेजारी ठेवा. दुपारी ६० च्या खाली आकडा दिसला की त्याच दुपारी बंद करा, संध्याकाळपर्यंत थांबू नका.

कॅप्टन_तयार_रहा

आणि लावा २२ फेब्रुवारीला. चिंतन दिन, बेडन-पॉवेल आणि लेडी बेडन-पॉवेल दोघांचा वाढदिवस. तिच्या पेट्रोलमधल्या (कंपनीतल्या छोट्या गटातल्या) पोरींना घरी बोलवा. आजींना हेही सांगा की त्या दिवशी चवथीपेक्षा कौतुक करणारी माणसं जास्त जाणकार असतील.

टीप_आणि_दोरा

तोवर स्कार्फ आणि बॅज घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दहा लिटरच्या डब्याला २०० ग्रॅम सिलिका जेल, नारंगी दाण्यांचं घ्या. निळ्यात कोबाल्ट असतं, घरात नको. नारंगी दाणे हिरवट पडले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास, मग पुन्हा वापरायचे. डांबराच्या गोळ्या त्याच डब्यात टाकू नका. मुलाम्याला आणि प्लास्टिकच्या वॉगलला त्यांची वाफ बाधते.

मधेच कापडावर पांढरी भुकटी दिसली तर ओल्या कपड्याने पुसायला जाऊ नका, बुरशी धाग्यात शिरते. नाकाला मास्क लावून उघड्यावर, सावलीत वाळवा, पूर्ण वाळल्यावर मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडा.

खिळा_नको_स्क्रू

विसर्जनानंतर प्रतीची फ्रेम उतरवताना मागच्या पुठ्ठ्यावर तळहात ठेवून बघा. गार आणि जड लागला तर ती मधली भिंतही जानेवारीत धरू नका, दुसरी शोधा.